खोटं एकट्याने बोललं जात नाही

"पाच मिनिटात पोचतो." "अरे फोन सायलेंटवर होता." "आत्ताच तुझा मेसेज बघितला." "नाही गं, राग कसला." "एकदा निवांत भेटूया." "माझं ऑलमोस्ट झालंय, फक्त एकदा नजर टाकायची राहिलीय." "काही नाही, मी ठीक आहे." यातलं एकही वाक्य गेल्या आठवड्यात ज्याच्या तोंडून निघालं नाही असा माणूस सापडणं अवघड आहे, आणि यातली बरीचशी वाक्यं खरी नाहीत हे ऐकणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. पाच मिनिटात पोचतो म्हणणारा अजून घराबाहेर पडलेला नाही हे दोघांनाही कळत असतं, तरी एक जण म्हणतो आणि दुसरा "हां ये" म्हणून फोन ठेवतो.

अशा रोजच्या खोट्यावर चर्चा निघाली की नेहमी दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे खोटं ते खोटं, त्यात लहान काय नि मोठं काय, माणसाने सरळ खरं बोलावं. दुसरा म्हणजे अहो एवढं तेवढं चालायचंच, सगळे खरं बोलायला लागले तर एक संसार टिकायचा नाही. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीकडे सगळं लक्ष बोलणाऱ्यावर असतं, तो खोटारडा की समजूतदार एवढाच वाद. ऐकणाऱ्याकडे कुणी बघतच नाही, तो आपला फसवला गेलेला, बिचारा. माझं म्हणणं असं आहे की रोजच्या आयुष्यातलं बरंचसं खोटं ऐकणाऱ्याने आधीच मागून घेतलेलं असतं. खरं सांगितल्यावर जे वाट्याला येतं, ओरडा, टोमणे, अबोला, चारचौघात अपमान, तासभराचं लेक्चर, ते माणसाने दोनदा सोसलं की तिसऱ्या वेळी तो थाप मारून वेळ मारून नेतो, आणि मग आपण म्हणतो बघा, कसा तोंडावर खोटं बोलतोय.

"माणूस दिवसातून इतक्या वेळा खोटं बोलतो" असे फॉरवर्ड फिरत असतात, त्यावर विश्वास ठेवून सगळं जगच खोटारडं आहे असं मानायची गरज नाही. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ बेला डिपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही लोकांना आठवडाभर डायरी ठेवायला सांगितली, कुणाशी काय बोललो आणि त्यात खोटं काय होतं हे रोज लिहायचं, तर कॉलेजचे विद्यार्थी दिवसाला साधारण दोन आणि बाकीची प्रौढ माणसं साधारण एक खोटं बोलत होती. पुढे २०१० मध्ये सेरोटा, लेव्हिन आणि बॉस्टर यांनी १००० अमेरिकन प्रौढांना मागच्या २४ तासांबद्दल विचारलं, सरासरी निघाली १.६५, पण त्या सरासरीच्या आत डोकावलं तर साधारण ६० टक्के लोकांनी एकही खोटं बोललो नाही असं सांगितलं होतं आणि एकूण खोट्यातलं जवळपास निम्मं खोटं फक्त ५ टक्के लोकांच्या नावावर होतं. आता स्वतःच्या खोट्याबद्दल माणूस खरं किती सांगत असेल ही शंका राहतेच, ती मलाही आहे. पण एवढं नक्की दिसतं की सराईत खोटारडे वेगळे आणि बाकीची माणसं वेगळी. फसवून पैसे उकळणारे, दोन दोन संसार चालवणारे, खोट्या सह्या करणारे यांच्याबद्दल मी बोलत नाहीये, त्यांच्यासाठी पोलीस आणि कोर्ट आहे. मी बोलतोय ते उरलेल्यांबद्दल, जे एरवी सरळ असतात आणि काही ठरावीक माणसांसमोर, काही ठरावीक विषयांवरच खोटं बोलतात. तोच माणूस मित्राला सगळं सांगतो आणि साहेबासमोर लपवतो, तीच मुलगी मावशीला सांगते पण आईला सांगत नाही. स्वभावच खोटा असता तर तो सगळीकडे खोटा असता ना.

डॉक्टरांचं घ्या. इथे खोटं बोलून कुणाचं नुकसान होणार हे लहान मुलालाही कळेल, तरी लोक डॉक्टरांपासून लपवतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साडेचार हजारांपेक्षा जास्त लोकांच्या दोन सर्व्हेंवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ६० ते ८० टक्के लोकांनी कबूल केलं की उपचारासाठी महत्त्वाची असू शकेल अशी काही ना काही गोष्ट आपण डॉक्टरांना सांगितली नव्हती. सगळ्यात जास्त काय लपवलं होतं तर तुमचा सल्ला मला पटलेला नाही हे, आणि तुम्ही काय सांगितलं ते मला समजलंच नाही हे. सिगरेट दारू तर आपण धरूनच चालतो, पण "मला समजलं नाही" हेसुद्धा सांगता येऊ नये? कारणं विचारल्यावर लोकांनी सांगितलं की आपल्याबद्दल मत बनवलं जाऊ नये, लेक्चर ऐकावं लागू नये, लाज वाटते. म्हणजे समोर औषध देणारा बसलाय असं त्या माणसाला वाटतच नाहीये, त्याला समोर परीक्षक दिसतोय. आणि परीक्षकासमोर जे कुणीही करेल तेच तो करतो, "गोळ्या वेळेवर घेतोय ना?" "हो हो डॉक्टर." मग डॉक्टर गोळीचा डोस वाढवतो, कारण घेतलेल्या गोळीने फरक पडत नाहीये असं त्याला वाटतं. इथे दोष फक्त पेशंटवर टाकून मोकळं होणं मला अजिबात मान्य नाही. ज्या डॉक्टरने "महिन्यातून किती वेळा गोळी राहून जाते?" असं साध्या आवाजात विचारलं त्याला खरं उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त, कारण त्या प्रश्नात गोळी राहून जाणं हे माणसाचंच लक्षण आहे हे आधीच मान्य केलेलं आहे.

घरात तर हे अजून उघड दिसतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातल्या दोन शाळांमधली तीन चार वर्षांची मुलं अभ्यासली, एका शाळेत चुकलं की छडी, चापट, चिमटा असायचं, दुसऱ्या शाळेत मारायचे नाहीत, फार तर ओरडायचे. खेळ असा होता की पाठ करून बसायचं, मागे ठेवलेलं खेळणं चोरून बघायचं नाही. एकटं सोडल्यावर दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी बघितलंच. पण नंतर "बघितलंस का?" विचारल्यावर न मारणाऱ्या शाळेतली साधारण निम्मी मुलं खोटं बोलली आणि मारणाऱ्या शाळेतली जवळजवळ सगळी. एवढंच नाही, मार खाणाऱ्या शाळेतली मुलं ते खोटं जास्त सफाईने निभावत होती. तीन वर्षांची पोरं. जी शिक्षा मुलाने सरळ व्हावं म्हणून दिली जात होती तिने त्याला खोटं बोलण्यात तयार केलं, आणि तरी आजसुद्धा कितीतरी घरात "खरं सांग, नाहीतर फटके पडतील" हे एका दमात म्हटलं जातं. खरं सांगितल्यावरही फटके पडतातच हे पोराला माहीत असतं, मग त्याने का सांगावं?

आणि आपण मोठी माणसं मुलांशी काय करतो? "चल बरं, नाहीतर मी तुला इथेच सोडून चालले." गेल हेमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिका आणि चीन दोन्हीकडच्या पालकांना विचारलं होतं, मुलांना वळण लावायला खोटं बोलता का, तर अमेरिकेत ८४ टक्के आणि चीनमध्ये ९८ टक्के पालकांनी हो म्हटलं, आणि दोन्ही देशांत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं खोटं हेच होतं, सोडून जाण्याचं. जगाच्या दोन टोकांना आई बाप तीच धमकी देतायत. २०१४ मध्ये अजून एक अभ्यास झाला, त्यात काही मुलांना मोठ्या माणसाने आधी एक साधी थाप मारली, शेजारच्या खोलीत खाऊ आहे म्हणून बोलावलं आणि मग सांगितलं की नाही, खाऊबिऊ काही नाही, मी असंच म्हटलं. नंतर तोच न बघण्याचा खेळ. शाळकरी वयाच्या ज्या मुलांना थाप मारली नव्हती त्यातल्या साधारण ६० टक्के मुलांनी चोरून बघितलं आणि बघणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के खोटं बोलली, ज्यांना थाप मारली होती त्यांच्यात हेच आकडे जवळजवळ ८० आणि ९० झाले. मूल काय शिकतं तर या माणसाबरोबर खऱ्याचा व्यवहार होत नाही, मग आपणही कशाला करायचा.

ऑफिसबद्दल फार लिहायची गरज नाही, ज्याने नोकरी केलीय त्याला सगळं माहीत आहे. मीटिंगमध्ये "कुणाला काही शंका?" विचारलं की शांतता, आणि बाहेर पडल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतो, नक्की करायचंय काय. "किती काम झालं?" "नव्वद टक्के." पुढच्या आठवड्यात पण नव्वद टक्के. ज्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की ही तारीख गाठणं शक्य नाही त्याला निगेटिव्ह म्हणून बाजूला बसवलं जातं आणि जो शेवटच्या दिवसापर्यंत होईल होईल म्हणत राहतो तो टीम प्लेअर. ज्या साहेबांना वाईट बातमी शेवटच्या क्षणीच कळते त्यांनी आपल्या हाताखालची माणसं कशी आहेत याचा विचार करण्याआधी मागच्या वेळी वाईट बातमी आणणाऱ्याचं आपण काय केलं होतं ते आठवावं.

आता कुणी म्हणेल की हे बोलायला ठीक आहे, शिक्षाच नसेल तर लोक बेफिकीर होतील, धाक हवाच. या आक्षेपाला माझ्याकडे विमान वाहतुकीचं उदाहरण आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ उतरायला निघालेलं एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली, एकही वाचला नाही. चौकशीत कळलं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच मार्गावर, सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ लावून खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या पायलटना सावध केलं, पण ही गोष्ट बाकीच्यांपर्यंत पोचायला रस्ताच नव्हता. त्यानंतर पायलटांनी स्वतःच्या चुका स्वतः कळवाव्यात अशी योजना सुरू झाली. सुरुवातीला ती चालवणारं खातं तेच होतं जे लायसन्सवर कारवाई करतं, त्यामुळे लोक बिचकत होते, सांगणार कोण? मग १९७६ मध्ये ते काम नासाकडे दिलं गेलं, ज्यांच्या हातात शिक्षा करण्याचा अधिकारच नाही. नाव गुप्त, आणि चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवलं तर सहसा दंड माफ. आजपर्यंत दहा लाखांहून जास्त रिपोर्ट तिथे आलेत. ही माणसं आधी जास्त खोटारडी होती आणि नंतर अचानक सज्जन झाली असं काही नाही, माणसं तीच होती, ऐकणारा बदलला. आणि मुद्दाम केलेल्या चुकीला, गुन्ह्याला माफी नाही हेही नीट बघा, म्हणजे धाक पूर्ण काढलेला नाही, तो फक्त योग्य ठिकाणी ठेवलाय.

धाकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा दुसरा विश्वास असतो की मला समोरच्याचं खोटं बरोबर कळतं, डोळ्यात बघितलं की कळतं. नाही कळत हो. २००६ मध्ये बाँड आणि डिपॉलो यांनी तोपर्यंतचे शेकडो अभ्यास एकत्र केले, २४ हजारांहून जास्त लोकांनी केलेले अंदाज होते, आणि खरं खोटं ओळखण्याचं प्रमाण निघालं सरासरी ५४ टक्के, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० आलं असतं. नजर चुकवतो, हात चोळतो, अडखळतो ही सगळी लक्षणं घाबरलेल्या खऱ्या माणसातही दिसतात. त्यामुळे पकडून पकडून खोटं कमी करू हा मार्ग मुळातच बंद आहे, तिथे जीव खर्च करण्यात अर्थ नाही. पकडता येत नसेल तर एकच उपाय उरतो, खोट्याची गरज कमी करणं.

इथपर्यंत दुसऱ्याशी बोललेलं खोटं झालं. स्वतःशी बोललेल्या खोट्याला ऐकणारा कोण, असा प्रश्न येईल. मला वाटतं तिथेही ऐकणारा असतोच, आपणच असतो, आणि बऱ्याचदा तो बाहेरच्या कुठल्याही साहेबापेक्षा कडक असतो. "मला वेळच मिळत नाही" हे आपल्या काळातलं सगळ्यात लाडकं खोटं आहे. वेळ मिळत नाही म्हणणारा माणूस रोज रात्री फोनवर बोट फिरवत दीड तास घालवतो हे त्याला स्वतःला माहीत असतं, पण "मला वेळ आहे, पण आजारी काकांना भेटायला जायचं मला जड जातं" किंवा "मला लिहायचं होतं, पण ते वाईट होईल याची भीती वाटते" हे वाक्य स्वतःला सांगितलं तर आतून जी शिवी येते ती ऐकायची तयारी नसते, म्हणून वेळेवर ढकललं की झालं. "मी मनात आणलं तर कधीही सोडू शकतो" हेही तसंच. "लोक काय म्हणतात याने मला फरक पडत नाही" हे वाक्य तर ज्याला फरक पडत नाही तो कधी उच्चारतच नाही. आणि "हे सगळं मी मुलांसाठीच करतोय" यावर तर मला नेहमी थांबावंसं वाटतं, कारण यात थोडं खरं असतंच, आणि थोडं खरं असलेलं खोटं काढून टाकायला सगळ्यात अवघड. रात्री दहापर्यंत काम करण्यातली प्रतिष्ठा स्वतःला आवडते, घरी आल्यावरची रडारड नकोशी वाटते, या दोन्ही गोष्टी माणसासारख्या आहेत, त्यात मोठं पाप नाही, पण त्या मुलांच्या नावावर टाकल्या की मुलं आयुष्यभर न मागितलेल्या कर्जाखाली राहतात.

सोमवारपासून सुरू करतो, पुढच्या महिन्यात उरकतो, हे खोटं इतकं सर्रास आहे की त्याला खोटं म्हणायलाही कुणी तयार होणार नाही. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, जेवढं वाईट होऊ शकतं तेवढं सगळं झालं तर किती, उत्तर आलं ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे आपली सर्वात वाईट कल्पनासुद्धा वस्तुस्थितीपेक्षा गोड असते. याला नुसता हिशोब चुकला म्हणता येणार नाही, कारण हा अंदाज आपण मागच्या अनुभवावरून काढतच नाही, आपण जसे असायला हवे होतो त्या माणसाच्या वेगाने काढतो. असंच गाडी चालवण्याचं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वेनसनच्या पाहणीत अमेरिकेतल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःचं ड्रायव्हिंग वरच्या अर्ध्या भागातलं मानलं होतं. अर्ध्या भागात ९३ टक्के मावत नाहीत, पण हे कुणाला सांगून उपयोग नाही, प्रत्येकाला वाटतं उरलेले सात टक्के म्हणजे बाकीचे सगळे.

दुसऱ्याशी बोललेलं खोटं हळूहळू स्वतःशी बोललेलं कसं होतं हेही बघायला हवं, कारण लोक म्हणतात की मनात मला खरं माहीत आहे ना, मग बाहेर काहीही बोललो तरी काय बिघडतं. १९५९ मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं, रिळं ठेवा काढा, खुंट्या थोड्या थोड्या फिरवा. मग सांगितलं की बाहेर बसलेल्या पुढच्या मुलीला सांगा, काम फार मजेचं आहे. हे खोटं बोलायचे काहींना २० डॉलर दिले आणि काहींना फक्त १. नंतर विचारलं, काम खरंच कसं वाटलं, तर २० वाल्यांना ते फारसं आवडलेलं नव्हतं आणि १ वाल्यांना ते चक्क बऱ्यापैकी आवडलेलं होतं. २० डॉलरसाठी बोललो असं म्हणता येतं, पण एका डॉलरसाठी मी खोटं बोललो असं स्वतःला कसं सांगणार, त्यापेक्षा काम बरं होतं असं मानणं सोपं. रोजचं खोटं हे असंच अगदी स्वस्तातलं असतं, कुणी त्याचे पैसे देत नाही, फक्त वेळ निभावते, आणि म्हणूनच ते आत मुरतं. वर्षभर "मी ठीक आहे" म्हणत राहिलेल्या माणसाला एक दिवस खरंच सांगता येत नाही की नक्की काय बिघडलंय, लपवता लपवता ते त्याच्याच हाताला लागेनासं होतं.

आता येतो दयेचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. कुणी मनापासून लिहिलेली पहिली कविता वाचायला दिली, चांगली नाहीये, काय सांगायचं? बहुतेक जण म्हणतील छान आहे म्हणा, काय जातंय. मला यात एक विचारावंसं वाटतं, कुणाचं काय जातंय? बोलणाऱ्याचं काही जात नाही हे खरंच, उलट त्याचा अवघडलेपणा वाचतो. पण कविता लिहिणाऱ्याची दोन वर्षं जाऊ शकतात. दयाळू म्हणवलं जाणारं खोटं कुणाची गैरसोय टाळतं हे प्रत्येक वेळी तपासलं तर बऱ्याचदा उत्तर आपलीच असं येतं. एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी २०१८ मध्ये काही लोकांना तीन दिवस घरी दारी कामावर पूर्ण खरं बोलायला सांगितलं होतं. खरं बोलणं किती त्रासदायक जाईल, नाती किती बिघडतील याचा लोकांचा जो अंदाज होता त्यापेक्षा अनुभव बराच चांगला निघाला. आपण समोरच्याला वाटतो त्यापेक्षा नाजूक समजतो, आणि हा एक प्रकारचा अपमानच आहे असं मला वाटतं, तुला झेपणार नाही हे आपणच ठरवून टाकलं.

पण याच जागी मला दुसऱ्या एका जमातीची पण चीड येते, जे "मी बाबा स्पष्टवक्ता, तोंडावर बोलतो" असं म्हणत फिरतात. जाड झालीस, काळा पडलास, तुझ्या नवऱ्याला अजून प्रमोशन नाही का, हे न विचारता येऊन सांगणं म्हणजे खरेपणा नव्हे, ती दुसऱ्याला टोचण्याची हौस आहे आणि खऱ्याचं नाव पुढे करून ती भागवली जाते. विशेष म्हणजे हेच लोक स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य ऐकलं की आठवडाभर धुमसतात. यांच्याच आसपास सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं, कारण यांना काहीही खरं सांगायची कुणाची छाती होत नाही. खरेपणाची परीक्षा माणूस किती कडक बोलतो यावर घेऊ नये, त्याच्यासमोर किती लोक मोकळं बोलतात यावर घ्यावी.

आणि नरो वा कुंजरो वा करणारेही आहेत. शब्द खरा ठेवायचा आणि समज खोटा करून द्यायचा. "मी तर त्याला एक पैसाही दिला नाही", दिला भावाने, ह्याच्याच सांगण्यावरून. मला हे सरळ खोट्यापेक्षा जास्त वाईट वाटतं, कारण यात बोलणारा स्वतःला स्वच्छ समजत राहतो आणि पुढच्या वेळी अजून सफाईने करतो.

राहिला सगळ्यात अवघड प्रसंग, गंभीर आजार. "त्यांना सांगू नका, ते खचतील" हे वाक्य नातेवाइकांकडून ऐकलं नाही असा डॉक्टर नसेल. आणि हे खोटं बदलूच शकत नाही, माणसाचा स्वभावच आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांची एक पाहणी झाली, कॅन्सर झालाय हे पेशंटला सांगता का, तर जवळपास ९० टक्के डॉक्टर न सांगण्याकडे झुकलेले होते. १९७९ मध्ये तसाच प्रश्न पुन्हा विचारला तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षं फक्त. उपचार सुधारले होते, पेशंटचे हक्क आणि त्याची परवानगी याला वजन आलं होतं, कॅन्सर शब्द उच्चारायची लाज कमी झाली होती. एका अख्ख्या व्यवसायाने दयेपोटी चाललेलं खोटं एका पिढीच्या आत टाकून दिलं.

घरातली माणसं मात्र अजून तिथेच अडकलेली आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल राग नाही, ते प्रेमानेच करतात. पण आजारी माणसाला बहुतेक वेळा कळलेलं असतं. बदललेली औषधं, दाराबाहेरची कुजबुज, अचानक भेटायला आलेले लांबचे नातेवाईक, एवढं पुरतं. मग तोही त्यांच्यासाठी नाटक करायला लागतो, मला काय धाड भरलीय म्हणतो, आणि ज्या काळात पैशांचं, कागदपत्रांचं, कुणाची माफी मागायची, कुणाला काय द्यायचं हे सगळं बोलून घ्यायला हवं तो काळ दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपण्यात निघून जातो. यात सांगायचं की नाही हा वाद नातेवाइकांनी आपसात घालायचाच नाही असं माझं मत आहे. त्या माणसालाच विचारावं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, सगळं की थोडं, की आमच्यावर सोडायचंय. काही जण खरोखर म्हणतील, मला नको सांगू, तुमचं तुम्ही बघा, आणि मग न सांगणं हे खोटं राहत नाही, तो त्यांचा निर्णय होतो. काही जण म्हणतील सगळं सांगा, तेव्हा समोर बसून सांगावं लागेल आणि ते रडले, चिडले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत तरी ते मनात धरून ठेवता येणार नाही, आणि आपण विचारलंच कशाला असं त्यांच्यासमोर चुकूनही म्हणता येणार नाही.